दाण्यांची वाटी भरलेली दिसते तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सुट्टीच्या काळात घरच्या पक्ष्याची सोय कशी लावावी, यावरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की चार दिवसांसाठी शेजाऱ्यांना दिवसातून दोनदा यायला लावणे हा अतिरेक आहे. दोन मोठ्या वाट्यांत दाणे-पाणी भरून ठेवले की बजरीगर (लहान जातीचे पोपट) मजेत राहतात, फार तर त्यांना पक्षीविक्रेत्याकडे ठेवावे. आणि मी वाचकांना उगाच घाबरवले आहे.

आपला एक आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पक्ष्याला प्रवासात सोबत नेऊच नये, असे मी सरसकट लिहिले, ते चुकले. आपण नाशिकहून पुण्याला माहेरी जाताना लहान पिंजरा स्वतःच्या गाडीतून नेता, आणि तिथे तो शांत खोलीत राहतो. अशा वेळी पक्षी सोबत असलेलाच बरा. लेखातले ते वाक्य मी आज बदलते आहे.

वाट्यांच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे, आणि त्याला कारण आमच्याच घरात घडलेला प्रसंग आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही चार दिवस गुहागरला गेलो होतो. शेजारच्या काकू रोज न चुकता येऊन आमच्या कॉकटीलचे (डोक्यावर तुरा असलेल्या लहान पोपटाचे) पाणी बदलत, दाण्यांची वाटी काठोकाठ भरलेली पाहत आणि ती तशीच ठेवत. परत आल्यावर मी त्या वाटीवर फुंकर मारली, तर फोलपटांचा थर उडाला आणि तळाशी राळ्याचे मोजून सात-आठ दाणे दिसले. हे पक्षी दाणा चोचीत फिरवून सोलतात, आतला गर खातात आणि साल बहुधा वाटीतच पडते, त्यामुळे रिकामी वाटीही भरलेली दिसते. आमच्या कॉकटीलचे वजन 92 ग्रॅमवरून 81 ग्रॅमवर आले होते. काकूंचा यात काहीच दोष नव्हता. फुंकर मारून पाहायचे असते, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. आपले बजरीगर तर जेमतेम 30 ते 40 ग्रॅमचे असतात. एवढ्याशा जिवाला एक-दोन दिवसांची उपासमारही जिवावर बेतू शकते.

शिवाय प्रश्न केवळ दाण्यांचा नाही. थव्यात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून पक्षी आपले दुखणे शक्य तितके लपवतात. पिसे फुगवून तो पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. त्याआधी कळते ते विष्ठेवरून, शेपटीच्या हलण्यावरून, सकाळी आवाज आला की नाही यावरून; आणि हे पाहायला कोणीतरी तिथे असावे लागते. दोनदा येण्याचा माझा आग्रह त्यासाठी आहे.

विक्रेत्याकडे ठेवण्याचा पर्याय मला सर्वांत धोक्याचा वाटतो. तिथे ठिकठिकाणचे पक्षी सतत येत-जात असतात, आणि वरून धडधाकट दिसणारा पक्षीही सिटॅकोसिससारखा आजार घेऊन आलेला असू शकतो. हा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरतो आणि माणसालाही होतो. पिंजरा शेजाऱ्यांच्या घरी हलवायचा असेल, तर तिथे मच्छर अगरबत्ती लावली जाते का, हे आधी विचारावे. नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो, हेही त्यांना स्पष्ट सांगावे. म्हणून शक्यतो पक्षी आपल्याच घरात, त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात राहावा आणि माणसाने तिथे यावे.

"प्रत्येकाला पैसे देऊन माणूस ठेवणे परवडत नाही," असे आपण लिहिले आहे, आणि ते खरेच आहे. आमच्याकडेही पैशांचा व्यवहार नाही. काकू गावी गेल्या की त्यांच्या कुंड्यांना मी पाणी घालते, आम्ही गेलो की त्या पक्ष्याकडे पाहतात.

डिसेंबरमध्ये आपण आठ दिवस बाहेर जाणार आहात, असे आपण लिहिले आहे. ज्यांच्याकडे किल्ली देणार असाल, त्यांना निघण्याच्या आठवडाभर आधी दोनदा घरी बोलवावे आणि आपल्यासमोर त्यांच्याच हातून वाटीवर फुंकर मारून घ्यावी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही पक्ष्यांचे वजन करून ते आकडे पक्ष्यांच्या डॉक्टरांच्या क्रमांकासह पिंजऱ्याजवळ लिहून ठेवावेत. परत आल्यावर पुन्हा वजन करून दोन्ही वेळचे आकडे इथे कळवलेत, तर मी ते आवर्जून वाचेन.