व्यंगचित्रात आपणही दिसायला हवं

व्यंगचित्र म्हटलं की आता फक्त राजकारण. खुर्ची, पक्षाचं चिन्ह, नेत्याचं लांब नाक. आपण मनमुराद हसतो आणि चित्र पुढच्या ग्रुपवर ढकलतो. नेत्याला टोचलेली टाचणी आपल्याला लागतच नाही.

म्हणून मला पुण्याचे व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर फार मोठे वाटतात. चित्र छापून आलं की काम संपलं, असं त्यांनी कधी मानलं नाही. वाहतुकीच्या नियमांवर स्वतः काढलेली शुभेच्छापत्रं घेऊन ते दिवाळीत पुण्यातल्या नळस्टॉपच्या चौकात उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचे. सत्तरी उलटल्यावरही! दोष द्यायला तिथे तिसरा कोणी नाही. झेब्रा पट्ट्यावर चाक ठेवणाऱ्याच्याच हातात चित्र. २०१७ साली ते गेले. सामाजिक व्यंगचित्र माणसापर्यंत कसं पोचवावं, हे त्यांच्याकडून शिकावं.

आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतला कॉमन मॅन माझाही लाडका. सिंबायोसिस या शिक्षणसंस्थेतला त्याचा पुतळा पुणेकरांना ठाऊकच आहे. तो बोलत नाही, म्हणून त्याच्या जागी आपण सहज उभे राहतो. पण तो बहुतेक वेळा सोसणारा असतो, आणि त्याच्यासोबत वाचकही निर्दोष सुटतो. तेंडुलकर ही सूट देत नाहीत. मला त्यांची बाजू जास्त पटते.

आणि व्यंगचित्रकार शि. द. फडणीस! त्यांनी तर शब्दच वगळले. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही चित्र कळतं. ही केवढी मोठी ताकद आहे! २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या, मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा बातम्यांत रोज आकडे, व्हेंटिलेटर, पाण्याचे नमुने. मजूर वस्तीतल्या, पेपर न वाचणाऱ्या बाईला यातून काय कळणार? पाणी उकळून प्या, हे एका बिनशब्दांच्या चित्रानं तिच्यापर्यंत नेता आलं असतं. विहिरीत, टँकरमध्ये काय मिसळतंय आणि त्याची जबाबदारी कोणाची, हेही.

पुण्याच्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर रोज एक चौकोन शहराच्या प्रश्नासाठी राखून ठेवावा. कचरा, पाणी, फुटपाथ, टेकड्या, विषयांना तोटा नाही. चित्रकाराला बातमीदाराइतकं मानधन द्यावं आणि चित्राखाली तारीख छापावी. आपणही चित्र पुढे पाठवताना कोपऱ्यातली सही कापू नये. त्या सहीवर कुणाचं तरी घर चालतं.