थेंबांच्या आधी कान साफ करून घ्या

कानातल्या बुरशीवरच्या तुमच्या लेखात लिहिलंय की तिच्यावर क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशक औषधाचे थेंब चालतात, ते बरोबर. पण आधी कान साफ व्हावा लागतो, हे एका ओळीत उरकायला नको होतं.

आम्ही सांगलीचे. धाकटा मुलगा मे महिनाभर कृष्णेत पोहत होता. जूनमध्ये अशी खाज सुटली की झोपेतही बोट कानात. सासूबाईंनी लसूण घालून कडवलेलं तेल सोडलं, मी दुकानातून अँटिबायोटिकचे थेंब आणले. दोन्ही चुकलं. अँटिबायोटिकने जिवाणू मरतात, बुरशीला उलट रान मोकळं मिळतं. कानाला दडा बसला, ऐकू कमी यायला लागलं.

कानाच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं: भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा थर, वर काळे ठिपके. ॲस्परजिलस नावाची बुरशी. तो थर असताना वरून कितीही थेंब घाला, औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. सक्शनने, म्हणजे ओढून घेणाऱ्या बारीक नळीने, थर काढला, कानाच्या पडद्याला भोक नाही हे बघितलं आणि मगच १ टक्क्याचे क्लोट्रिमाझोलचे थेंब दिले. पडदा फाटलेला असेल तर मनाने काहीही घालू नका, कळकळीची विनंती.

बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, गार थेंबांनी गरगरतं. मग कुशीवर निजवून पाच मिनिटं तसंच. खाज चार दिवसांत थांबली, तरी सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे थेंब चालू ठेवले. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा. आणि घरात कुणाला साखर (मधुमेह) असेल व कान ठणकत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.