‘फोन समोर धरला की झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना नाशिककर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. घरातल्या जुन्या कॅसेट संगणकावर कशा घ्यायच्या आणि नातेवाइकांना कशा पाठवायच्या, यावरच्या माझ्या लेखाबद्दल आपण लिहिता: ‘आजीच्या ओव्या ऐकायला डेसिबल लागत नाहीत. टेपरेकॉर्डर लावा, फोन समोर धरला की झालं. ग्रुपवर टाका. दहा मिनिटांच्या कामाचा एवढा बाऊ करणं ही दुकानदारी आहे.’ पुढे आणखी चार गोष्टी आहेत. सी-९० (दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांच्या) टेपची जाडी मी चुकीची दिली. तयारी होईपर्यंत ऐकणारी म्हातारी माणसं निघून जातात. ज्यांचा आवाज आहे त्यांना विचारायचं कुणी यावर लेखात अवाक्षर नाही. आणि आपल्या माळ्यावरच्या १४ कॅसेट ४० वर्षं टिकल्या आहेत, तर पुढेही टिकतील.

जाडीबद्दल आपलं बरोबर आहे. मी ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलं होतं, ती सी-१२० ची जाडी. सी-९० ची साधारण १२ आणि सी-६० ची साधारण १८. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. चूक माझी होती, दाखवल्याबद्दल आभार.

‘दुकानदारी’ हा शब्द मात्र मी गिळणार नाही. या कामाचा एक रुपया मी घेत नाही. लेखात एकाही दुकानाचं नाव नाही, एकही वस्तू ‘हीच घ्या’ म्हणून सांगितलेली नाही. १९९६ पासून टेप डेक उघडतो आहे, रविवार कारंज्यापासून नाशिकरोडपर्यंतच्या घरांमधल्या कॅसेट या हातांखालून गेल्या आहेत, आणि जे लिहितो ते त्या आधारावर. मत पटलं नाही तर तसं सांगा, हेतूवर कशाला जायचं? तेही टोपणनावाने. असो. मुद्द्याकडे येतो, कारण ‘फोन समोर धरला की झालं’ हे वाक्य वाचून उद्या कुणीतरी खरंच तसं करेल, आणि मग झालेलं नुकसान भरून निघायचं नाही.

आधी ते ‘दहा मिनिटांचं काम’. सी-६० च्या एका बाजूला ३० मिनिटं असतात. फोनवर घ्या नाहीतर तारेने घ्या, टेप आपल्या चालीनेच चालणार, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. वेळ तेवढाच जातो. मग जो अर्धा तास जाणारच आहे, त्यात आवाज हवेतून का घ्यायचा?

हवेतून घेताना काय होतं ते बघा. फोनचं रेकॉर्डिंग बोलण्यासाठी बेतलेलं असतं. समोर शांतता झाली की तो आपणहून आवाज वाढवतो, मोठा आवाज आला की दाबतो. ओवीच्या दोन ओळींमध्ये आजी श्वास घेते, तेवढ्यात टेपची सरसर फुगत वर येते आणि पुढची ओळ सुरू होताच धपकन खाली बसते. अख्खी ओवीभर ही भरती-ओहोटी चालू राहते. दुसरं, बऱ्याच फोनमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय आपोआप चालू असते. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, एवढंच तिला कळतं. त्यामुळे जात्याची घरघर ती खाते आणि पेटीचा धरलेला सूरही पातळ करून टाकते. तिसरं, जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर जेमतेम तीन-चार इंची; पुरुषी आवाजाचा खर्ज त्यातून नीट बाहेरच पडत नाही. त्यावर खोलीचा घुमारा, पंखा, स्वयंपाकघरातली शिट्टी. हे सगळं आवाजात एकदा मिसळलं की कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण वेगळं होत नाही.

आणि हे नुकसान त्यातल्या त्यात बरं, कारण मूळ टेप तरी शाबूत राहते. खरा धोका तुमच्या सल्ल्याच्या पहिल्या दोन शब्दांत आहे: ‘टेपरेकॉर्डर लावा’. कुठला? वीस वर्षं माळ्यावर पडून असलेला? त्याच्यातला रबरी बेल्ट एक तर सैल पडलेला असतो, नाहीतर विरघळून डांबरासारखा चिकट झालेला असतो. बेल्ट घसरला की टेप गुंडाळणारं चाक थांबतं, पण कॅपस्टनची दांडी (टेप ओढणारी धातूची दांडी) आणि तिच्यावर टेप दाबून धरणारा रबरी पिंच रोलर टेप पुढे ढकलतच राहतात. ढकललेली टेप जाणार कुठे? ती रोलरभोवती गुंडाळली जाते. यालाच आपण ‘यंत्राने कॅसेट खाल्ली’ म्हणतो. १२ मायक्रॉनच्या टेपला पडलेली चुणी हाताने दाबली की सपाट दिसते, पण तेवढ्या जागी टेप हेडला (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही आणि आवाज बुडतो, दर वेळी, त्याच जागी.

म्हणून यंत्राची तपासणी आधी. हेड आणि कॅपस्टनची दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा, काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत. रबरी रोलरला अल्कोहोल नको, ओलसर फडक्यावर थोडा सौम्य साबण पुरतो. पूर्ण वाळल्याशिवाय टेप घालू नका. मग गेली तरी चालेल अशी एखादी बाजारी कॅसेट पूर्ण एक बाजू वाजवून बघा. ती सुरळीत गेली तरच घरची.

घरच्या कॅसेटचंही आधी बघावं लागतं. वरच्या कडेचे दोन छोटे कान मोडलेले नसतील तर मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. सहाकोनी पेन्सिल चाकात घालून दोन्हीकडे थोडं फिरवून बघा. जड जात असेल तर थांबा. हेडच्या समोर येणारी फेल्टची गादी तांब्याच्या पट्टीवर आहे ना ते पाहा. जुना गोंद सुकून ती गादी गळून पडते, टेप हेडला टेकत नाही आणि आवाज कोंदट, येता-जाता येतो. लोकांना वाटतं टेप खराब झाली. पाच स्क्रूंच्या दुसऱ्या चांगल्या खोक्यात ती रिळं हलवली की आवाज परत येतो. तुटलेली टेप जोडायला सेलोटेप अजिबात नको. तिचा गोंद उन्हाळ्यात बाजूने ओघळतो आणि वरच्या-खालच्या वेढ्यांना चिकटतो. ३.८१ मिलिमीटर रुंदीची जोडपट्टी मिळते, तीच वापरा.

मग हेडचा कोन, ज्याला ॲझिमथ म्हणतात. तुम्हाला आजीच्या ओव्या ऐकायच्या आहेत, आणि आजीचा आवाज नेमका इथे हरवतो. ज्या यंत्रावर ओव्या भरल्या त्याच्या हेडचा कोन आणि वाजवणाऱ्या यंत्राच्या हेडचा कोन जुळला नाही तर ‘स’, ‘श’, ‘च’ बोथट होतात. आजी तोंडावर पदर धरून गाते आहे असं वाटतं. हेडशेजारी स्प्रिंगवाला एक बारीक स्क्रू असतो. लोहचुंबक नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने तो एका वेळी एक अष्टमांश फेऱ्यापेक्षा कमी फिरवायचा आणि दोन्ही चॅनेल (डावा आणि उजवा आवाज) एकत्र करून ‘स’ कुठे सर्वांत लख्ख येतो ते ऐकायचं. प्रत्येक कॅसेटला हे पुन्हा करावं लागतं, कारण कोन भरणाऱ्या यंत्राचा होता. डेसिबलचा इथे काही संबंध नाही, कान लावून ऐकायचं काम आहे.

आता तार. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकांतून) दोन आरसीए तारा (लाल-पांढऱ्या टोकांच्या), लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डात. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको. ते नाजूक आवाजासाठी असतं, लाइनचा जोर तिथे फाटतो, आणि बहुधा एकच चॅनेल आत जातो. स्वस्त डोंगललाही बरेचदा फक्त माइकचंच भोक असतं. घेताना ‘लाइन-इन’ लिहिलेलं बघून घ्या. वॉकमनसारखं यंत्र असेल तर इअरफोनच्या भोकातून घ्या, आवाज निम्म्यावर ठेवून. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल निवडा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. उणे १२ पर्यंत राहिला तरी २४ बिटला काही फरक पडत नाही, पण शून्याला, म्हणजे वरच्या मर्यादेला, लागून कापला गेला की तो तुकडा गेला. डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारी सोय) बंद ठेवा. घरगुती मोनो रेकॉर्डरवर ते नव्हतंच. बाजू सुरू झाली की शेवटपर्यंत चालू द्या. गाणं संपल्यावर यंत्र बंद करायला विसरलेली पाच मिनिटं असतात, त्यात घरातलं बोलणं असतं, आणि बरेचदा तेच सगळ्यांना पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं.

टेप मोनो असली तरी स्टिरिओत घ्या. मोनो हेडची पट्टी स्टिरिओच्या दोन्ही पट्ट्या व्यापते, म्हणजे एकाच आवाजाच्या दोन प्रती हाती येतात. टेपची कड झिजलेली असेल तर एका बाजूला खरखर असते, दुसरी स्वच्छ मिळते.

ही जी फाइल तयार होते तिला हात लावायचा नाही. सरसर काढणं, वेग दुरुस्त करणं, सगळं प्रतीवर. आणि सरसर काढतानाही ६ ते ९ डेसिबलवर थांबा. त्यापुढे आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. सेल उतरत आलेल्या रेकॉर्डरवर भरलेली बाजू शेवटी शेवटी वेगाने वाजते, बाई मुलीच्या आवाजात गायला लागते. रेकॉर्डर विजेवर चालत असेल तर टेपमध्ये विजेची बारीक घूं असते. ती ५० हर्ट्झला किंवा तिच्या दुपटीला, १०० ला, असायला हवी; स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) ती ५३ ला दिसली तर वेग सुमारे ६ टक्के जास्त आहे, म्हणजे जवळपास एक अर्धस्वर. तेव्हाची आपली वीज नेमकी ५० वर उभी राहत नसे, म्हणून एखाद-दोन टक्क्यांचा फरक कानाने भरून काढावा लागतो. फोनने हवेतून घेतलेल्या आवाजात ही घूं सापडत नाही. छोटा स्पीकर ती वाजवतच नाही आणि घरातल्या आजच्या पंख्याची घूं मात्र आत येते.

तर हे ‘फोन समोर धरला की झालं’चं उत्तर. तुम्हाला लांबलं वाटेल. एका ओळीत लिहिणं तुम्हाला परवडतं, कारण टेप गुंतली तर ती सोडवायला तुम्ही येणार नाही.

बाकीचं पटकन. ऐकणारी माणसं थांबत नाहीत म्हणता, तर पाठवायला वेळ लागतो असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मूळ फाइल झाली की त्याच संध्याकाळी तिची ६४ केबीपीएस मोनो एमपीथ्री काढा. ३० मिनिटांचे साधारण १४ एमबी होतात. तीन-चार मिनिटांचे तुकडे करा, ‘आत्याचे उखाणे’, ‘मंगळागौर, फुगडी’ अशी मराठीतच नावं द्या आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका. सोबत एकच प्रश्न विचारा, ‘दुसऱ्या मिनिटाला हसणारी कोण?’ उत्तरं येतात ती वहीत उतरवा. मूळ फाइल ग्रुपवर टाकायचा प्रश्नच नाही. एका सी-६० ची ती सुमारे १ जीबी होते. तुमच्या १४ कॅसेट सी-६० धरल्या तरी गूगलची फुकटची १५ जीबी जवळजवळ संपते, आणि ते खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर पुसलं जाऊ शकतं. दोन हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

परवानगीचं म्हणाल, तर घरच्या आवाजाला घरच्यांनी घरात परवानगी कसली मागायची? वाटणीचं भांडण असेल तो तुकडा पाठवू नका. लेख कॅसेटबद्दल होता, त्या वादात मला पडायचं नाही.

राहिला तुमचा माळा. त्याच्यामुळे कॅसेट २००८, २०१६ आणि २०१९ च्या गोदेच्या पुरांतून वाचल्या असतील, हे मान्य. सराफ बाजार, भांडी बाजाराकडे खालच्या मजल्यावर ठेवलेलं वाचलं नाही. पण पत्र्याखाली एप्रिल-मेची उष्णता वेगळी. तापलेल्या रिळात एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, ओळ सुरू होण्याआधी तीच ओळ हलकी ऐकू येते. वाजवण्याआधी रीळ दोन-तीनदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळून घेतलं तर हे थोडं कमी होतं. आता त्या खाली आणा, लोखंडी कपाटात उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब.

आणि प्रतिक्रियेच्या अगदी शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की एका कॅसेटच्या खिडकीतून पांढरं काहीतरी दिसतं, ‘पुसून लावू’. ती कॅसेट लावू नका. ते पांढरं म्हणजे बहुधा बुरशी. एकदा यंत्रात गेली की हेडवरून बाकीच्या १३ कॅसेटना लागेल. ती कॅसेट आजच वेगळी काढा, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या निळ्या खड्यांसोबत ठेवा, खडे गुलाबी झाले की बदला. उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका. दोनेक आठवड्यांत पांढरं कोरडं, भुकटीसारखं होईल. मग नाकाला एन-९५ लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने रिळाची कड झटका, रीळ नव्या स्क्रूच्या खोक्यात घाला आणि धागे न सुटणारं कोरडं फडकं हलकं टेकवत हाताने, हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळा. या पावसात हे करू नका. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की करा. आणि त्यानंतर ती वाजवाल, तेव्हा तारेने घ्या.