स्वारी गावी, मी ओलीस

आमच्या जपानात बाईने दात काळे करायचे असतात; माझी वेळ झाली की दासी खिडक्या उघडतात आणि स्वतः जमेल तितक्या लांब उभ्या राहतात. दोष त्यांचा नाही. जुनं लोखंड, व्हिनेगर, चहा आणि थोडी साके (तांदळाची दारू) असं सगळं मडक्यात घालून लोणच्याच्या बरणीसारखं मुरवत ठेवायचं, आणि मुरल्यावर तेच तोंडात घालायचं. पुढ्यात दोन कानांचं लाखेचं घंगाळ, त्यावर आडवी पट्टी, पट्टीवर वाट्या. एकदा हे लोखंडाचं पाणी, एकदा फुशी नावाची तुरट भुकटी, पुन्हा पाणी, पुन्हा भुकटी. जीभ अशी आक्रसते की तासभर बोलता येत नाही. ही पद्धत काढणारा नवराच असणार, अशी मला दाट शंका आहे. आणि दोन-तीन दिवसांत रंग उडतो की पुन्हा बसा. दातवण लावणाऱ्या तुमच्या खापरपणज्यांना मी काय म्हणते ते बरोबर कळलं असतं.

भुवयांचा प्रश्न मात्र कायमचा मिटलाय. खऱ्या काढून टाकल्या आणि कपाळावर वर, केसांच्या जवळ, दोन काळे ठिपके रंगवले. त्यामुळे माझा चेहरा चोवीस तास आश्चर्यचकित असतो. कारभारी खर्चाचा हिशेब वाचतो तेव्हा याचा फार उपयोग होतो.

मी एका दाइम्योची, म्हणजे मोठ्या जहागीरदाराची, बायको. आमची स्वारी एक वर्ष गावी राज्य करते आणि एक वर्ष इथे एदोत (तुमचं आजचं टोकियो) शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, दरबारी हजेरी लावते. तिसरे शोगुन तोकुगावा इएमित्सु यांनी 1635 साली हा नेम घालून दिला. बायको आणि थोरला मुलगा मात्र कायम एदोत. ओलीस म्हणायचं नाही, वाडा म्हणायचं. मी पळून जाऊ नये म्हणून एदोबाहेरच्या वाटेवर, हाकोनेच्या नाक्यावर पहारा बसवलाय. नियम साधा: एदोत बंदुका येता कामा नयेत आणि एदोतून बायका जाता कामा नयेत. बाईच्या परवान्यावर तिच्या केसांची ठेवणसुद्धा लिहिलेली असते, आणि नाक्यावरची म्हातारी केस सोडून ते ताडून पाहते.

केस सोडायचे! आमच्याकडे केस बांधायला अर्धी सकाळ जाते. तेलाचं आणि मेणाचं मलम चोपडून एकेक बट जागच्या जागी बसवायची, म्हणून धुणं क्वचितच, आणि धुतले की अख्खा दिवस गेला. हे शिल्प मोडू नये म्हणून रात्री मान लाकडी खोक्याच्या उशीवर टेकवायची, डोकं अधांतरी. कूस बदलायची सोय नाही. खाज सुटली तर आकड्याच्या टोकाने हळूच खाजवायचं. आमच्या आकड्यांना कानकोरणं जोडलेलं असतं, ते ज्याने शोधलं त्याचं भलं होवो.

जेवणाचं म्हणाल तर तेही थंडच. विषाची भीती म्हणून प्रत्येक पदार्थ आधी चाखला जातो, मग थोडं थांबून चाखणारी जिवंत आहे ना ते पाहतात, मग लांबलचक ओसरीवरून ताटं माझ्यापर्यंत येतात. या वाड्यात गरम मासा खाणारी बाई एकच, आणि ती मी नव्हे. बरं, मला विष घालून कोणाचं काय भलं होणार? मी मेले तर शोगुनचा एक ओलीस कमी!

लग्नात माझ्या वरातीच्या पुढे शिंपल्यांच्या बादल्या होत्या. तीनशे साठ शिंपले, आतून सोन्याने रंगवलेले. एका शिंपल्याचा अर्धा भाग दुसऱ्या कुठल्याही अर्ध्याशी जुळत नाही, म्हणून ही पतिव्रतेची खूण. माझा अर्धा एदोत. दुसरा अर्धा गावी, तिथल्या ‘कुनिगोझेन’बरोबर, म्हणजे स्वारीच्या गावाकडच्या बाईबरोबर. मला राग येत नाही. मत्सर हे काडीमोडाच्या सात कारणांपैकी एक, आणि फार बोलणं हे दुसरं. म्हणजे राग आला तरी पंचाईत, आणि तो बोलून दाखवला तर दोन पंचाइती.

एदो लाकडाचं शहर, आगी नेहमीच्याच. 1657 च्या आगीत शोगुनच्या किल्ल्याचा मुख्य बुरूजसुद्धा गेला. म्हणून आम्हा बायकांना आगीसाठी खास पोशाख असतो: जाड अंगरखा, मस्तक झाकणारी टोपी, वर भरतकाम. आग लागली की आधी तो नेसायचा, मग पळायचं. धूर दाराशी आला असताना दासी कमरेची गाठ मागून पुन्हा सोडते, कारण ती सरळ आली नाही.

आता या वर्षी (तुमच्या हिशेबाने 1862) गंमतच झाली. शोगुनच्या दरबाराने हुकूम काढला: दाइम्योंनी तीन वर्षांतून शंभर दिवस हजर राहिलं तरी पुरे, आणि बायका-मुलांनी खुशाल गावी जावं. सव्वादोनशे वर्षं जाऊ दिलं नाही, आता थांबू देईनात. कुठल्या गावी? मी एदोत जन्मले, इथेच वाढले. स्वारीचं गाव मी फक्त नकाशावर पाहिलंय, आणि तोही उलटा धरला होता असं कारभाऱ्याने नंतर सांगितलं.

सामान बांधणं चालू आहे. शिंपले, आगीचा पोशाख, खोक्याच्या उशा. दातांचं मडकं कोणाच्या पालखीजवळ ठेवायचं यावरून दासींत भांडण जुंपलंय. पालखी लाखेची, सोन्याची, आतून चित्रांची, आणि गुडघे मुडपून बसल्याशिवाय मावत नाही. मी शेवटी कारभाऱ्याला महत्त्वाचं तेवढं विचारलं, “तिथे पोचल्यावर कुनिगोझेन दारात स्वागताला उभी असेल. तिच्याशी काय बोलायचं?”

त्याने खाली मान घालून सगळी कागदपत्रं चाळली. म्हणाला, “बाईसाहेब, त्याबाबत किल्ल्यातून अजून काही हुकूम आलेला नाही.”