आधी गुरू ठरवा, कॉलेज मग

बारावीचा निकाल लागला की आमच्या कुडाळ-सावंतवाडी भागात पेटी-गाण्याच्या क्लासवर हा प्रश्न येतोच : "चेडू (मुलगी) गाता बरा, पण म्युझिकची डिग्री घेवन करतला काय?"

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर शोधायला घरचे कॉलेजांची यादी काढून बसतात, ते मला पटत नाही. गाणं मनापासून शिकायचं असेल तर आधी गुरू ठरवा. मग त्यांच्या घरापासून तासाभरात पोचता येईल असं कॉलेज बघा. नॅकची श्रेणी, कॅम्पस, प्लेसमेंट हे सगळं त्यानंतर.

प्रभा अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्या पदवीधर. गाणं मिळालं ते सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडून. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि गाणं आई माणिक भिडे यांच्याकडे शिकल्या. (ही नावं सांगून पोरांना धाकात मात्र ठेवू नका. त्यांना शिकायला जाताना एस.टी.ची वाट बघावी लागत नव्हती.)

ज्याला गाण्यातच राहायचंय त्याने संगीताच्या पदवीला जरूर जावं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, आणि सिंधुदुर्गवाल्यांना पणजी तर मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पण ज्याचं मन अजून ठरत नाही, त्याने साधी बी.ए. किंवा बी.कॉम. करत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्याव्यात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा. कुठलीही पदवी आणि सोबत विशारद असेल तर बऱ्याच विद्यापीठांत संगीताच्या एम.ए.ला बसता येतं. शिवाय २०२२पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी दिली आहे, वर्गांच्या वेळा एकमेकींवर येत नसल्या म्हणजे झालं.

बी.एस्सी.बद्दल मी जरा हात राखून सांगते. प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतात, त्यात ७५ टक्के हजेरीची अट. घरी येऊन तानपुरा जुळवायचं त्राण उरत नाही. झेपणारी मुलं असतात, पण थोडी.

आणि प्रॉस्पेक्टसमध्ये कधीच न छापलेली गोष्ट म्हणजे वसतिगृह. माझ्या एका विद्यार्थिनीला पहाटे खर्ज लावायला, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज करायला, मनाई झाली. 'बाकीच्या मुली झोपलेल्या असतात.' मग ती गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसायची, मोबाईलवरचा तानपुरा एका कानात घालून. जुलैत गच्चीला कुलूप लागलं आणि दिवाळीपर्यंत तिचं मंद्रसप्तक, म्हणजे ते खालचे सूर, पार बसलं. कॉलेज नावाजलेलं होतं, फीही तशीच होती. तबल्याची मुलं तर विचारूच नका. पावसात पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडून सुरात उतरते, ती ठोकून चढवायची म्हटलं की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा.

तेव्हा प्रवेशाला जाल तेव्हा ऑफिसात फी विचारून लगेच परतू नका. रेक्टरबाईंना भेटा, रियाजाला कुठली खोली आणि किती वाजता मिळेल ते विचारा. जमलं तर लेखी घ्या.