मोठ्या टीव्हीवर ‘पाऊण लाख नफा’? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

दसऱ्यापासून मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘६५ इंची टीव्हीच्या खोक्यावर दोन लाख छापतात आणि सव्वा लाखाला देतात, म्हणजे पाऊण लाख नफाच होता. जीएसटी दहा टक्क्यांनी उतरला, तो दुकानदारानं खाल्ला. ५५ पेक्षा ६५ दहाच इंच मोठा, तरी किंमत दीडपट-दुप्पट. ऑनलाइन तोच टीव्ही स्वस्त, तेव्हा गावातल्या दुकानाची पायरी चढू नका.’

मी लातुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचे हिशेब लिहितो, त्यामुळे मी कुठल्या बाजूनं बोलतोय ते उघड आहे. पण मेसेजमधलं एकेक विधान कुणालाही तपासता येईल, म्हणून हा खटाटोप.

‘पाऊण लाख नफा’. एमआरपी ही कमाल मर्यादा आहे. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे ती सगळ्या करांसह छापावी लागते, तिच्यावर विकता येत नाही, खाली कितीही विका. ती छापते कंपनी, दुकानदार नाही. आणि धंद्यात तिच्यावरून कुणीच हिशेब करत नाही. काउंटरच्या आत बोलतात ते डीपी, एमओपी आणि एनएलसी. डीपी म्हणजे दुकानाला ज्या दरानं बिल होतं तो दर. एमओपी म्हणजे बाजारात ज्या भावाला माल जावा असं कंपनी सुचवते तो. डीपीतून स्कीम, टार्गेटची बक्षिसी आणि क्रेडिट नोटा (कंपनी मागाहून दुकानाला परत देते ती रक्कम) वजा केल्या की उरते ती एनएलसी, म्हणजे दुकानाला माल खरोखर केवढ्याला पडला ते.

समजायला सोपे आकडे घेऊ. डीपी १,२०,००० आणि एमओपी १,२५,०००. गिऱ्हाईक घासाघीस करून १,२२,००० ला नेतं. वर दिसतात दोन हजार, आणि त्यातूनच टेम्पोचं भाडं, कार्ड मशीनचं कमिशन, शोरूमचा एसी. दुकानदाराचं खरं सुटतं ते क्रेडिट नोट आली तर, आणि ती येते टार्गेट पुरं झालं तर. एखादा महागडा सेट कमी पडला की सगळा स्लॅब, म्हणजे तेवढ्या विक्रीवर ठरलेली रक्कम, हातचा जातो. म्हणून महिनाअखेरीस तोच दुकानदार डीपीच्याही खाली द्यायला तयार होतो. मेसेज लिहिणाऱ्याला यात लूट दिसते. वहीत मात्र तो टार्गेट गाठण्यासाठी सोसलेला तोटा असतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. एमआरपी फुगवून छापायची आणि मग ‘३७ टक्के सूट’ अशी पाटी लावायची, ही कंपन्यांची रीत मला बिलकूल मान्य नाही. सोयाबीनची पट्टी घेऊन लातूरच्या गंजगोलाई बाजारात आलेल्या माणसाला ती सूट खरी वाटते आणि तो ठरवलं होतं त्यापेक्षा मोठा सेट उचलतो. २०२५ च्या हंगामात आधी सप्टेंबरच्या पावसानं पीक धुऊन नेलं, आणि जे हाती आलं त्याला ५,३२८ चा हमीभावही बाजारात मिळत नव्हता. अशा वर्षी त्याची दिशाभूल करणं अन्यायाचं आहे. पण ते पाऊण लाख कुणाच्याच खिशात गेलेले नाहीत, कारण ते कुणी कधी दिलेच नाहीत.

‘जीएसटी खाल्ला’. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांवरच्या टीव्हीचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत एक लाख धरा: आधी १,२८,०००, आता १,१८,०००. दहा हजार कमी झाले, पण ते १,२८,००० चे ७.८ टक्के होतात, दहा नव्हे. म्हणजे भाव दहा टक्के उतरला नाही, एवढ्यावरून कुणी कर खाल्ला असं होत नाही. ३२ इंच आणि त्याखालच्या टीव्हीवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच आहे, तिथे काही उतरायचंच नव्हतं.

‘दहाच इंच मोठा’. इंच मोजतात ते कर्णाचे. ५५ वरून ६५ वर गेलं की पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. पण खरा फरक पडतो काच कापताना. पॅनेल, म्हणजे टीव्हीचा चित्र दाखवणारा पडदा, मोठ्या काचेवर तयार होतं आणि मग कापतात, शिंपी पन्हा बघून कापड बेततो तसंच. जेन ८.५ (‘जेन’ म्हणजे जनरेशन, काचेच्या आकाराची पिढी) म्हणतात ती काच २,२०० बाय २,५०० मिलिमीटरची. तिच्यात ५५ इंची सहा बसतात, ६५ इंची फक्त तीन. उरलेल्या जागेत लहान पॅनेल काढतात, पण त्यांना तेवढा दाम येत नाही. २०१७ च्या अखेरीस चीनच्या बीओई कंपनीनं हफेई शहरात जेन १०.५, म्हणजे आणखी मोठ्या काचेचा, कारखाना सुरू केला. त्या काचेत ६५ इंची आठ निघतात. साध्या एलसीडी-एलईडीत ६५ इंची आवाक्यात आला तो अशा कारखान्यांमुळे. टीव्हीची ओएलईडी (मागच्या दिव्याशिवाय स्वतःच उजळणारी) पॅनेलं अजून जेन ८.५ वरच निघतात, तिथे मोठ्या आकाराला किंमत जास्त पडते. शिवाय भारतात टीव्ही पॅनेलचा कारखाना नाही, त्यामुळे डॉलर चढला की सेटही चढतो. पॅनेल फुटलेला टीव्ही सर्व्हिस सेंटरला नेऊन पाहा: खर्चाचा अंदाज ऐकून बहुतेक लोक नवाच घेतात. टीव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा पॅनेलचा असतो, तो असा कळतो.

‘ऑनलाइन तोच टीव्ही’. बऱ्याचदा तो ‘तोच’ नसतो. कंपन्या ऑनलाइनसाठी आणि दुकानांसाठी वेगळे मॉडेल काढतात. बाहेरून सारखे दिसतात, दोन्हींवर ‘५५ इंच, ४के’ लिहिलेलं असतं, पण एक ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा असतो आणि दुसरा १२० चा. एक साध्या बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्यांचा), दुसरा मिनी-एलईडीचा, म्हणजे मागे पुष्कळ बारीक दिवे असलेला. साइटवर ठळक दिसणारा भावही पुष्कळदा ठरावीक बँकेच्या कार्डाची सूट धरून असतो. ‘नो-कॉस्ट ईएमआय’चंही तसंच. शून्य व्याजाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेनं २०१३ लाच हरकत घेतली. तेव्हापासून व्याजाएवढी सूट आधी देतात आणि व्याज हप्त्यांतून घेतात. हप्ते क्रेडिट कार्डावर असले तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, आणि प्रोसेसिंग फी, गिऱ्हाइकाच्याच माथी.

मग तोच सेट मार्चमध्ये महाग आणि दिवाळीत स्वस्त का? कारण नवं मॉडेल येतं तेव्हा हौशी गिऱ्हाईक चढा भाव देतं. मग टीसीएल, हायसेन्ससारखे ब्रँड तेवढ्याच आकाराचा मिनी-एलईडी कमी भावात आणतात आणि सॅमसंग, एलजी, सोनीलाही खाली यावं लागतं. त्यात पुढच्या वर्षीचं मॉडेल यायच्या आत गोदाम मोकळं करायचं असतं.

तेव्हा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. कार्डाची सूट काढून आणि भिंतीवर बसवायचा खर्च धरून दोन्हीकडचा शेवटचा भाव मांडा. ऑनलाइन स्वस्त पडला तर खुशाल तिथून घ्या, फक्त खोकं आणणाऱ्यासमोरच उघडून सेट चालू करा. आतून तडकलेलं पॅनेल वॉरंटीत बसत नाही.