काठावर पास

निरोप समारंभात साहेबांनी माईकवरूनच विचारलं, "मग आता राहणार कुठं?" छत्तीस वर्षं लेखापरीक्षणात काढलेला माणूस मी. कुठल्याही प्रश्नाला "तपासून कळवतो" म्हणून सुटायची सवय. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "पाण्याजवळ!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले दोन हात तेवढे मांडीवरच राहिले. ते माझ्या बायकोचे होते.

गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला पोहता तरी येतं का?"

"पाण्याजवळ राहायला पोहता कशाला यायला हवं? माणसांत राहायला तरी मला काय येतं?"

"तेच तर म्हणतेय मी," ती म्हणाली.

तिचं म्हणणं सरळ होतं. उरलेलं आयुष्य मुलांजवळ काढायचं. काठी मारल्यानं पाणी तुटत नाही, ही म्हण तिनं त्या आठवड्यात मला चारदा ऐकवली. माझ्या मते ही म्हण माझ्या बाजूची साक्षीदार आहे. नात्याचा चिवटपणा सांगायची वेळ आली तेव्हा आपल्या पूर्वजांना दाखला द्यावासा वाटला तो पाण्याचाच. म्हणजे ते पाण्याजवळ राहत असणार. त्यांनी ती काठी मुळात कुणासाठी उचलली होती आणि मग पाण्यावर का मारली, हेही नातेवाइकांत राहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

मी रीतसर तक्ता आखला. डावीकडे पाणी, उजवीकडे माणसं. पण आखल्यावर लक्षात आलं, की कुठलं पाणी हेच ठरलेलं नाही. नदी मला आवडते, पण नदीकाठची जमीन सपाट का असते हे एकदा कळलं की झोप लागत नाही. नदीनंच पुरात गाळ आणून ती सपाट केलेली असते. आपण जिथं हौसेनं घर बांधायला जातो ती नदीची माजघराची खोली असते आणि ती खोली वापरायला ती कधी परत येईल याचा नेम नाही. तळं शांत असतं, पण साचलेल्या पाण्याची शांतता सर्वांत जास्त डासांना मानवते. राहिला समुद्र. तोही काही जागचा हलत नाही असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटिमीटरनं वाढली. हे मी मोठ्यानं वाचलं ही चूक झाली.

"मग आपण जायचं कशाला?" बायको म्हणाली. "थांबा, तोच येतोय."

उजवा रकानाही तसाच निघाला. मुलांजवळ म्हणजे कुणाजवळ? मुलगी एका शहरात, मुलगा दुसऱ्या शहरात, मध्ये रात्रभराचा प्रवास. त्यातून मुलाची दर तीन वर्षांनी बदली होते. त्याच्याजवळ राहायचं म्हणजे खरं तर त्याच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाजवळ राहण्यासारखं आहे. एकाकडे गेलो तर दुसऱ्याला वाईट वाटेल, म्हणून मी नकाशावर दोन्ही घरांमध्ये पट्टी ठेवून बरोबर मध्यबिंदू काढला. तो एका धरणाच्या जलाशयात पडला. दोन्ही मुलांपासून सारखं अंतर आणि पाण्याजवळ. जवळ कसलं, छातीभर पाण्यात. मी तरीही बायकोला दाखवला. तिनं पट्टी काढून घेतली.

मग आम्ही संशोधनावर आलो. मी पहिला हात टाकला. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांपैकी जास्त जणांनी आपली तब्येत आणि मन ठीक असल्याचं सांगितलं. बायकोनं शांतपणे विचारलं, "एकशेवीस मिनिटं म्हणजे किती?"

"दोन तास."

"आठवड्याला? दोन तासांसाठी घर कशाला घ्यायचं? डबा बांधून जाऊन या."

तिचा हुकमी पत्ता हार्वर्डचा होता. तिथं १९३८ पासून काही माणसांची आयुष्यभर नोंद ठेवली गेली आणि मध्यम वयात ज्यांचं आपल्या माणसांशी बरं होतं, ती म्हातारपणीही तब्येतीनं बरी निघाली. मी म्हटलं, "बरं होतं, असं लिहिलंय. किती अंतरावर होती ते कुठं लिहिलंय?" यावर ती काही बोलली नाही. आमचं नातं त्या दिवशी किती बरं होतं याची नोंद हार्वर्डनं घ्यायला हरकत नव्हती.

खरा घोळ मात्र लिटवॅक आणि लाँजिनो या दोन अमेरिकी अभ्यासकांनी केला. त्यांनी १९८७ मध्ये मांडलं, की म्हातारी माणसं जागा बदलतात ती साधारण तीन टप्प्यांत. पहिल्यांदा, हातपाय धड असताना, मौजेच्या ठिकाणी. दुसऱ्यांदा, शरीर कुरकुर करायला लागलं की, मुलाबाळांजवळ. मला हा हुबेहूब तोडगा वाटला. "म्हणजे भांडण नाहीच," मी म्हटलं, "आधी पाणी, मग माणसं. फक्त क्रम ठरवायचाय."

"आणि तिसऱ्यांदा?"

तिसऱ्यांदा कायम शुश्रूषा लागणाऱ्यांच्या संस्थेत. मी कागदाची घडी घातली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "माळ्यावरचं सामान तीनदा कोण हलवणार?" आणि विषय तिथंच थांबला.

शेवटी मुलीनंच तोडगा काढला. दोन्हीकडे पंधरा-पंधरा दिवस राहून पाहा.

आधी तिच्याजवळ गेलो. तिच्या घरात नव्हे, शेजारच्या इमारतीत. व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ रोझेनमायर आणि क्योकाइस यांनी १९६३ मध्ये यासाठी फार छान शब्द दिला होता, 'अंतरावरची जवळीक'. म्हाताऱ्या माणसांना मुलं जवळ हवी असतात, पण एका छपराखाली नको. मला हे इतकं पटलं, की दोन छपरांमधलं अंतर मी पावलांनी मोजलं. एकशे चाळीस भरलं.

पहिल्या दिवशी मुलीनं तिच्या घराची किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी खालच्या दाराची. चौथ्या दिवसापर्यंत माझ्याकडे जुडगा झाला आणि मी चालताना वाजायला लागलो. रोज सकाळी फोन यायचा, "बाबा, घरीच आहात ना?" जगात यापेक्षा निरागस वाटणारा प्रश्न नसेल. त्याला "हो" म्हटलं की दिवस गेला. नळवाला दहा ते दोनच्या मध्ये येणार. पार्सलवाला तीन ते सहाच्या मध्ये येणार. मी तिच्या रिकाम्या घरात एकटा बसून, न येणाऱ्या माणसांची वाट बघत, मुलांजवळ राहत होतो.

सवयीनं मी मिनिटं मांडत होतो. एरवी मुलगी लांब असते तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास फोनवर बोलते. ऑफिस, सासू, गुडघा, सगळं. शेजारी राहायला गेल्यावर फोन बंद. आता काय, जवळच आहोत! मग जिन्यात भेट. "बाबा, घाईत आहे हं, रात्री बोलू." रात्री तिला झोप आलेली. पंधरा दिवसांची सरासरी काढली ती रोजी चार मिनिटं आली. नात मात्र रोज संध्याकाळी यायची आणि माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपायची. हात बधिर व्हायचा, पण हलवायची सोय नव्हती. ती मिनिटं कुठल्या रकान्यात घालावीत ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बायकोला ती उजवीकडे हवी आहेत.

मग समुद्र.

पहिल्या रात्री बायको दोनदा उठली. कुठंतरी नळ वाहतोय, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं, त्या लाटा आहेत. तरी ती न्हाणीघरात जाऊन तोटी घट्ट करून आली. दुसऱ्या रात्री मी उठलो आणि तोटी बघून आलो. तिसऱ्या रात्रीपासून आम्ही पाळ्या लावल्या.

समुद्राची वेळ पाळायची पद्धत मला आधी पसंत पडली. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं. म्हणजे रोज साधारण ५० मिनिटं उशीर. असा उशीर करणाऱ्यांना मी नोकरीत मेमो दिले आहेत. पण हा आधी छापील तक्ता देऊन उशीर करतो, माझ्या मुलांपेक्षा बरा. फक्त मी तो तक्ता वाचला नाही. पहिल्या दिवशी सकाळी सहाला ओल्या वाळूवर लांबवर फिरून आलो. आठवड्यानं त्याच उत्साहात सहाला गेलो, तर माझ्या फिरायच्या वाटेवर समुद्र स्वतः उभा.

आणि मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, हे शाळेत शिकलो होतो. ते लाटांच्या तुषारांबरोबर घरात राहायला येतात, हे कुणी शिकवलं नव्हतं. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं आणि लोखंडावर बसून राहतं. नवव्या दिवशी नेलकटरचे दोन्ही ओठ मिटले. छत्री उघडेना, मग उघडली ती मिटेना. चष्मा दिवसातून चारदा पुसला तरी समुद्र धुक्यातच. कपाटाचा खण फुगून बसला, त्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. तो ओढताना रक्तदाब किती झाला ते मोजता आलं नाही, कारण मोजायचं यंत्रही खणातच होतं. डॉक्टर पाऊण तासावर. हे मी बायकोला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

नातेवाईक मात्र आले. अठरा वर्षांत एक फोन न केलेला चुलतभाऊ आला, त्याचा साडू आला, साडूची मुलं आली. पंधरा दिवसांत अकरा पाहुणे. बायको गाद्या घालताना म्हणाली, "पाण्याजवळ राहिलं की माणसं जवळ येतात, हे खरं आहे हो. फक्त आपली सोडून."

पण आपल्या माणसाचा फोन रोज येत होता. रात्री अर्धा तास, पहिल्यासारखा. मी नोंद केली, तेवढ्यात बायकोनं वही मिटली.

शेवटच्या दिवशी नातीनं फोनवर हट्ट धरला, "आजोबा, समुद्र दाखवा." आम्ही दोघं वाळूत गेलो. कॅमेरा फिरवायचं बटण मला सापडत नाही, म्हणून मी अख्खा फोनच उलटा करून समुद्रासमोर धरला. नातीला समुद्र दिसत होता, समुद्राला नात दिसत होती आणि आम्हा दोघांना फोनचं मागचं कव्हर. हात दुखेपर्यंत मी तसाच उभा होतो. मध्येच मुलीचा आवाज आला, "बाबा, परत कधी येताय? बुधवारी घरी कुणीतरी लागेल, इलेक्ट्रिशियन यायचाय." मी काहीतरी बोललो, ते वाऱ्यावर गेलं.

मग नात ओरडली, "आजोबा, आधी तो नळ बंद करा ना, काही ऐकू येत नाहीये!"

बायको पदर खोचत उठलीच होती.